लेउतूंच्या दारात फुआतिनो

फुआतिनोला प्रयोगाची धास्ती पहिल्यापासूनच. दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या आपल्या गावात ती चर्चसाठी पोरांची नाटुकली बसवायची, तेव्हाही नाटुकलं संपेपर्यंत बाहेर यायची नाही. पुढे ऑकलंडला गेली, मालिका लिहिल्या, सिनेमा लिहिला, स्वतःची नाटकमंडळी काढली. नाव झालं, तरी पडदा उघडताना ती विंगेत खांबाला धरून उभी असायची.

एका वर्षी मंडळी घेऊन ती गावी आली. नाटक तिच्या बालमैत्रिणीवर, मसेलिनावर होतं. मसेलिनाच्या बापाने गावसभेचा हुकूम मोडला, म्हणून मुखिया लेउतूंनी त्या घराला गावाबाहेर काढलं आणि घर पेटवून दिलं. नाटकात नाव कोणाचंच नव्हतं. तरी घर पेटायच्या प्रवेशाला म्हातारे लेउतू पहिल्या रांगेतून उठले आणि चालते झाले. मागोमाग सगळा गाव उठला. कोणी ओरडलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

"पोरी, आपलंही घर लाकडाचंच आहे," तिचे वडील लाफाएले म्हणाले. "पहाटे त्यांच्या दारात जाऊन बसायचं. दुसरा इलाज नाही."

उजाडायच्या आत दोघं लेउतूंच्या अंगणात गुडघ्यांवर बसली. घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई वडिलांनी दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. लेउतूंनी ती उचलली, तर माफी. नाही उचलली, तर दगडही येऊ शकत होता.

चटईच्या आत काळोख, खोबरेल तेलाचा वास. बाहेर पावलं वाजत होती, कुत्री गुरगुरत होती. फुआतिनोचे दात वाजायचे थांबेनात.

"हा प्रवेश लिहायचा राहिलाच की तुझा," वडील कुजबुजले.

ऊन चढलं. पावलं जवळ आली, थांबली. तिने डोळे गच्च मिटले. चटई उचलली गेली.

"कुठे असते ती पोर, मसेलिना?" लेउतूंनी विचारलं.

"ऑकलंडला. चुलीचा जाळ दिसला तरी अजून बाहेर पळते," फुआतिनो म्हणाली.

लेउतूंनी हातातली चटई घडी घालून बाजूला ठेवली.

"नाटकात माझ्या हातात दारूची बाटली का दिलीस?"

तुमच्या भीतीने दिली, म्हणजे दोष जरा हलका होईल, हे सांगणार कसं?

"मी प्यालो नव्हतो," लेउतू म्हणाले. "शुद्धीत होतो. तेवढं बदल. आणि इथे परत खेळ करू नकोस."

मग ते कष्टाने वाकले आणि त्यांनी वडिलांना हात देऊन उठवलं. माफी मिळाली होती. तरी घरी येईपर्यंत फुआतिनो दोनदा रस्त्याकडेला ओकली. लेउतूंचा तो शांत आवाज तिला दगडापेक्षा भयंकर वाटला होता.

पुढे राजधानीत, आपियाच्या प्रयोगात मुखियाच्या हातात बाटली नव्हती. तो शांतपणे चालत आला आणि त्याने काडी ओढली. थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही.