वाटाड्याने मागे बघायचं नाही

जिन्याखालच्या त्या जागेत उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून ती सदा बसलेलीच दिसायची. एक शिलाई मशीन, एक इस्त्री, रिळांचा डबा आणि भिंतीला टेकवलेला आरसा, एवढंच दुकान. नवे कपडे ती शिवत नसे. पँट खालून आखूड करायची, कंबरेत सैल करायची, चेन बदलायची. त्यामुळे सगळ्या गल्लीची ती आल्टरवाली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "मी माणसं वर नेतो, ही त्यांच्या पँटी वर नेते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि आपणच हसायचा.

त्यांची एकुलती एक पोर म्हणजे भिंगरी. सहावं वर्ष सरत आलं होतं, तरी शाळेत जात नव्हती.

म्हणजे एकदा गेली होती, तीन वर्षांची असताना, बालवर्गात. पहिल्याच आठवड्यात आल्टरवाली तिला आणायला जरा लवकर पोचली आणि खिडकीतून डोकावली. सगळी पोरं ओठांवर बोट ठेवून बसली होती. भिंगरीच्या खालची सतरंजी ओली झाली होती, डोळ्यांत पाणी होतं, पण बोट जागचं हललं नव्हतं. आल्टरवालीने तिला तशीच उचलली ती थेट घरी आणली.

"उद्यापासून जायचं नाही," तिने जाहीर केलं.

"मग काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"खेळायचं. बाहेर हिंडायचं."

"आणि शिकायचं कधी?"

"तेव्हाच."

सासूबाई आतून म्हणाल्या, "पोर आहे का बकरी? सकाळी सोडायची नि संध्याकाळी बांधायची!"

"बकरीला आपला चारा आपण निवडता येतो, आई. आपल्याला साडी निवडायलासुद्धा चार जणी लागतात."

सासूबाईंनी पातेलं आपटलं. नवऱ्याला हसू आलं, पण ते त्याने दाबलं. घरात राहायचं होतं त्याला. शेवटी तोडगा त्यानेच काढला. "सहा पूर्ण होईपर्यंत तुझं. मग माझं."

सकाळी मशीन आणि दुपारी भिंगरी, असा आल्टरवालीचा दिवस ठरून गेला. लाकडाच्या वखारीत भुशाचे डोंगर चढायचे, नाल्याकाठी चिखलाची धरणं बांधायची, डेपोत बस धुताना बघायच्या. बसच्या पाट्या वाचत वाचत भिंगरीला अक्षरं आली. ती कधी आली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. गुडघे कायम सोललेले असायचे. एकदा तर गिऱ्हाइकाच्या पँटच्या खिशातून बेडूक निघाला. ते गृहस्थ किंचाळले, आणि भिंगरीने त्यांनाच दटावलं, "हळू ना काका, घाबरला तो!"

सगळ्यात लाडका खेळ होता वाटाड्या. भिंगरी पुढे चालायची आणि आई थोडं अंतर ठेवून मागे. कुठे जायचं ते भिंगरीने ठरवायचं, वाट तिनेच शोधायची आणि चुकली तर तिनेच निस्तरायची. सुरुवातीला प्रत्येक वळणावर ती मागे वळून आईचं तोंड बघायची.

"माझ्या भुवया बघून चालते गं ती," आल्टरवालीने शेजारणीला सांगितलं. "चुकीची गल्ली धरली की माझ्या भुवया आधी वर जातात. अशाने ती रस्ता कधी बघणार?"

म्हणून मग नियम झाला. मागच्याने बोलायचं नाही आणि वाटाड्याने मागे बघायचं नाही. मोठा रस्ता आला की वाटाड्याने थांबायचं आणि न वळता हात मागे करायचा. मागचा येऊन तो हात धरणार, रस्ता ओलांडून देणार, पुन्हा सोडणार. ठरवलेल्या ठिकाणी पोचलं की "पोचलो!" म्हणून ओरडायचं आणि मगच वळायचं.

हा नियम भिंगरीने जिवापाड पाळला. मागे कुत्रं भुंकलं तरी तिची मान वळायची नाही.

सहावा वाढदिवस जवळ आला तसा नवरा शाळांची चौकशी करायला लागला. आल्टरवालीची झोप उडाली. भांडून काही हाती लागणार नाही हे तिला कळत होतं. एके दिवशी जेवताना तिने विषय काढला.

"एक दुपार तू ने तिला. वाटाड्या खेळ. परत आल्यावर म्हणालास ना, की शाळा हवी, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"एका दुपारीत मला काय कळणार?"

"जे मला तीन वर्षांत सांगता आलं नाही, ते."

तो तयार झाला. बाबा येणार म्हटल्यावर भिंगरी उड्याच मारायला लागली. "बाबा, तुला नियम माहितीयेत का? मध्येच बोललास तर आऊट!"

"मी घरात तरी कुठे बोलतो?" तो म्हणाला. त्या दिवशी सासूबाईसुद्धा हसल्या.

दोघं निघाले. बाजाराच्या गल्लीपर्यंत सगळं छान चाललं होतं. त्याने नंतर सांगितलं, पुढे चाललेली ती ताठ मान बघून त्याचा ऊर भरून आला होता. शाळेचं राहू दे आणखी एक वर्ष, हे त्याचं तिथेच ठरलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली होती, आत माणसं होती, आणि हाताखालचा मुलगा गोंधळला होता. हा कोपऱ्यात वळून, दुसऱ्या कानावर हात धरून त्याला सांगत राहिला, आधी मेन स्विच बंद कर, मग दार उघड. आपण थांबलो की पोर थांबेलच, असं त्याने गृहीत धरलं होतं. थोडं लांब गेली तर वळून बघेलच की!

तो वळला तेव्हा गल्लीत भिंगरी नव्हती.

दुपार कलेपर्यंत सगळी गल्ली रस्त्यावर उतरली होती. आल्टरवाली गळ्यातल्या मापाच्या टेपसकट धावत होती. वखार झाली, नाला झाला. शेवटी डेपोतून निरोप आला. बस धुणाऱ्या एका बाईला भिंगरी भिंतीशी उभी दिसली होती. रडत नव्हती, काही सांगतही नव्हती. मूठ घट्ट मिटून नुसती उभी होती.

पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. लोक म्हणाले, देव पावला. घरी आल्यावर ती दूध प्यायली, तिने बिस्किट खाल्लं. मग एकदम विचारलं, "आई, मोठ्या रस्त्यावर माझा हात कोणी धरला होता?"

आल्टरवाली तिच्यापुढे येऊन बसली.

"म्हणजे?"

"मी हात मागे केला ना. मग धरला कोणीतरी. रस्ता ओलांडून दिला, मग सोडला."

"बाबानेच असेल," आल्टरवाली कशीबशी म्हणाली.

"नाही. बाबाचा हात खरखरीत आहे. तो मऊ होता, ओला होता. मला कळलं होतं बाबा नाहीये."

"मग वळली का नाहीस, सोन्या?"

भिंगरीने आईकडे असं बघितलं, जणू आईच खेळ विसरली होती. "मागे बघायचं नसतं ना."

नवरा उठून गॅलरीत गेला. एखादी भली बाई असेल, पोर एकटी दिसली म्हणून हात धरला असेल. असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि कोणालाच ते पुरलं नाही. आता टोमणा येणार म्हणून आल्टरवाली सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या गळ्यातला टेप काढला, गुंडाळला आणि डब्यात ठेवून दिला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवऱ्यानेही आवाज चढवला नाही. "चूक माझी आहे," एवढंच तो म्हणाला. शाळेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि वर्षभर थांबण्याचाही नाही.

आल्टरवालीला वाटलं, चार दिवसांत पोर विसरेल. पोरंच ती. पण भिंगरी दुकानातून हलेना. मशीनखाली, आईच्या पायांशी बसून राहायची. नाल्यावर चल म्हटलं तर म्हणायची, "इथे छान आहे." ओढून बाहेर नेलं तर आईचा कुडता मुठीत धरून मागून चालायची, आणि कोणी जवळून गेलं की दोन्ही हात काखेत लपवायची.

"आपण उलटा खेळ खेळू," एकदा आई म्हणाली. "मी वाटाड्या, तू मागची. आणि नवा नियम, मी सारखी मागे बघणार!"

कोपऱ्यापर्यंत गेल्या. आई प्रत्येक पावलाला वळून हसत होती. भिंगरी हसली नाही. कोपऱ्यावर ती उभी राहिली. "तू मागे बघतेस तेव्हा तुझ्या पुढून कोण येतंय ते कोण बघणार?"

दोघी घरी आल्या.

मग एकदा तयार कपडे पोचवायला जाताना वाटेत शाळा लागली. फाटक बंद होतं, आत खुर्चीवर पहारेकरी बसला होता. भिंगरी थांबली.

"हे दार कोण उघडतं?"

"ते काका."

"आणि मुलं बाहेर येऊ शकत नाहीत?"

"सुटेपर्यंत नाही."

"बाहेरचं कोणी आत?"

"नाही."

"मला इथे घाल."

आल्टरवाली रस्त्यातच तिच्यासमोर उकिडवी बसली. कपड्यांची पिशवी मातीला टेकली. "अगं, इथे दिवसभर बसवतात. वखार नाही, धरण नाही. पाऊस आला तरी खिडकीतूनच बघायचा. तुला नाही आवडणार."

"आवडेल."

"आपण दोघी एकत्र हिंडू. मी हात सोडणारच नाही. कध्धी नाही."

"तुला कपडे शिवायचे असतात."

"नाही शिवणार."

"आई," भिंगरी समजुतीच्या सुरात म्हणाली, अगदी मोठ्या बाईसारखी, "रडू नको ना. सगळे बघतायत."

प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापक बाईंनी भिंगरीला पाट्या वाचायला दिल्या. तिने वाचल्या. बस म्हटल्यावर बसली, आणि ऊठ म्हणेपर्यंत उठली नाही. बाई खूश झाल्या. "फार शांत आहे हो! आजकाल अशी मुलं बघायला मिळत नाहीत. घरी चांगलं वळण लावलंय तुम्ही."

नवरा खाली बघत होता. आल्टरवाली "थँक्यू" म्हणाली.

गणवेश तिने विकत घेतला. सासूबाई म्हणाल्या होत्या, तूच शीव की. पण तिला जमेना. तयार स्कर्ट लांब होता, तो तेवढा तिने खालून आखूड केला.

आता दुपारीही मशीन चालू असतं. गिऱ्हाइकं खूश आहेत, कामं वेळेवर मिळतात. शाळा सुटली की नवरा किंवा सासूबाई भिंगरीला आणतात. ती दप्तर खुंटीला लावते आणि मशीनपाशी येऊन उभी राहते.

"आज काय केलं?" आल्टरवाली विचारते.

"बसलो."

"मग?"

"मग कविता म्हटली. मग परत बसलो."

"कंटाळा नाही येत?"

भिंगरी विचार करते. खोटं बोलायची सवय तिला कोणी लावलेली नाही. "येतो," ती म्हणते. "पण तिथे बसलं की हात मागे करावा लागत नाही."

बाहेर कोणीतरी पँट घेऊन उभं आहे. किती वर घेऊ, म्हणून विचारायला आल्टरवाली उठते आणि तिचं डोकं जिन्याला आपटतं.