भिमाजींचा डावा हात

आमच्या इंदिरानगरच्या शाळेतले शिपाई भिमाजी यांचं चित्र गेल्या अकरा वर्षांत सात हजार दोनशे साठ वेळा काढलं गेलं. हिशेब माझा आहे. मी गणित शिकवतो. दर शनिवारी बावीस मुलं, वर्षाला तीस शनिवार, अकरा वर्षं. एवढी चित्रं राजेमहाराजांचीही निघाली नसतील. त्यातलं एकही भिमाजींसारखं दिसत नव्हतं, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी सुवर्णाबाई, आमच्या चित्रकलेच्या शिक्षिका. रुजू झाल्या त्याच वर्षी त्यांनी चित्रकला मंडळ काढलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंडळ सभागृहात बसायचं. माठ झाला, तांब्या झाला, केळी झाली (ती नंतर मुलांनी खाल्ली). मग बाईंच्या मनात आलं की आता समोर जिवंत माणूस बसवायचा. पहिल्या शनिवारी मुख्याध्यापक बसले. चाळीस मिनिटांत त्यांना नऊ फोन आले. दुसऱ्या शनिवारी मी बसलो. मी फार चुळबुळ करतो असं मुलांचं मत पडलं. तिसऱ्या शनिवारी भिमाजी बसले आणि प्रश्न कायमचा मिटला. ते दिंडोरीकडचे. शाळेत लागण्याआधी द्राक्षबागेत राखणीला होते. त्यांना बसता येत होतं.

लाकडी स्टूल, ताठ पाठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं पसरलेली. पापण्या तेवढ्या हलायच्या. एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली आणि कंटाळून आपणहून उठून गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण शनिवारी मी मागच्या बाकावर पेपर तपासत बसायचो. घरी तपासले की बायको मार्कांमध्ये लक्ष घालते.

मुलं मात्र त्यांच्याकडे फारशी बघत नसत. त्यांच्याजवळ माणूस कसा काढावा हे शिकवणारं पुस्तक होतं. डोकं म्हणजे अंडं, पंजा म्हणजे चौकोन, चौकोनावर पाच काड्या. हे पाठ झालं की मान वर करायची गरज नाही. नववीतला महेश मंडळाचा हुकमी एक्का. त्याच्या चित्रात भिमाजींची छाती अशी असायची की आतून शर्टाची बटणं तुटावीत. खऱ्या भिमाजींच्या शर्टात अजून एक भिमाजी मावला असता. हर्षाली सगळ्यांनाच लांब पापण्या काढायची, भिमाजींना आणि माठालाही.

राहिलंसाहिलं सुवर्णाबाई पुरं करायच्या. त्यांची एक जाड काळी पेन्सिल होती. ती घेऊन त्या रांगांमधून फिरायच्या आणि प्रत्येक चित्रावर हात फिरवायच्या. इथे खांदा सरळ कर, तिथे कान घाल. सगळ्याच शाळांमध्ये चालतं हे. बाई मनापासून करायच्या, सुट्टीच्या दिवशीही करायच्या, आणि त्यांच्यामुळे शाळेच्या कपाटात आता ढाली ठेवायला जागा नाही. त्यांना नावं ठेवणाऱ्याशी मी भांडेन.

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी मी हेल्मेट विसरलो म्हणून सभागृहात परत गेलो. भिमाजी झाडू बाजूला ठेवून उकिडवे बसले होते. पुढे जमिनीवर बावीस कागद मांडलेले. एकेका कागदावर बोट टेकवून ते काहीतरी मोजत होते.

"काय चाललंय, भिमाजी?"

"काय नाय सर." मग म्हणाले, "तुमी गणिताचे ना? मोजा बरं ह्या हाताची बोटं."

मी मोजली. पाच.

"आता ही मोजा." त्यांनी आपला डावा हात माझ्यापुढे धरला.

मी मोजली. चार. करंगळीच्या जागी नुसता गुळगुळीत खुंट होता.

अकरा वर्षं हा माणूस मला चहा आणून देत होता. मोजण्यावर माझं पोट आहे. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी हेल्मेट तिथेच घालून उभा राहिलो.

"चौथीत व्हतो. कडबाकुट्टीच्या मशिनीत गेली," ते म्हणाले. "येरवी मी हात खिशात ठेवतो. पण हितं बसलो का मुद्दाम उघडा ठेवतो. म्हनलं, येखादं पोर तरी बघंल. लय पोरं आली नि गेली. समद्यांनी पाचच काढली."

"मी बाईंशी बोलतो."

"नाय!" भिमाजींना मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "सांगून काढलं मंग ते ऐकून काढल्यावानी व्हईल. बघून काढाया पायजे. तुमी कोनाला बोलायचं नाय."

मी शब्द दिला. दिला आणि पस्तावलो, कारण भिमाजी यंदा मेमध्ये निवृत्त होणार होते, आणि फेब्रुवारीत बाईंनी जाहीर केलं की मंडळाच्या शेवटच्या शनिवारचं सगळ्यात चांगलं चित्र फ्रेम करून निरोप समारंभात भिमाजींना द्यायचं. टाळ्या पडल्या. भिमाजींनी माझ्याकडे पाहिलं. उरलेलं आयुष्य त्यांना घरच्या भिंतीवर पाच बोटांच्या माणसाबरोबर काढायचं होतं. त्यानंतर दर शनिवारी मंडळ सुटलं की ते कागद मांडायचे, मी दारात उभा राहायचो, आणि ते मान हलवायचे. नाही.

शेवटचा शनिवार एप्रिलात आला. बाई द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, त्यांची वाट न बघता भिमाजी स्टुलावर बसले. त्या दिवशी ते दाढी करून आले होते. हात गुडघ्यावर, नेहमीपेक्षाही उघडा.

पहिल्या रांगेत सहावीतली सृष्टी होती. तिचं घर मखमलाबादकडे, फुलशेती. शाळेत येण्याआधी ती आईबरोबर गुलाबाच्या जुड्या बांधते, आणि जुडीत एक फूल कमी गेलं तर मार्केटात ऐकून घ्यावं लागतं. मंडळात ती जानेवारीत आली. तिच्याजवळ पुस्तक नव्हतं. त्यामुळे ती बिचारी दर रेघेला मान वर करून बघायची. चित्र म्हणाल तर आनंदच होता. डोकं एवढं मोठं काढलं होतं की पायांना कागद पुरला नव्हता. आधीच्या शनिवारी तर कागद हातांच्या आधीच संपायचा.

मी पेपर तपासायचं सोंग करत मागून तिच्यापर्यंत आलो. गुडघा होता. गुडघ्यावर पंजा होता. एक, दोन, तीन, चार. सृष्टीने एकदा वर पाहिलं, पेन्सिल उचलली आणि त्या खुंटाचा छोटासा गोल काढला.

मी भिमाजींकडे पाहिलं. त्यांना कागद दिसत नव्हता, पण माझं तोंड दिसत होतं. त्यांच्या पापण्याही हलायच्या थांबल्या.

तेवढ्यात बाई आल्या. घामाघूम, पर्स खांद्यावर तशीच, हातात काळी पेन्सिल. उशीर भरून काढायचा म्हणून भराभरा हात फिरवत निघाल्या. सृष्टीपाशी वाकल्या. "अगं, एक बोट राहिलं की!" आणि एका झटक्यात करंगळी काढली. झोकदार, जाड, नखासकट.

मी तोंड उघडलं. शब्द दिला होता. तोंड तसंच राहिलं.

"बाई, खोडा ते."

सगळी मुलं दचकली. अकरा वर्षांत स्टुलावरून आवाज आला नव्हता.

"काय खोडू, भिमाजी?"

"बोट. पोरीचं बरोबर व्हतं." आणि त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून सगळ्यांसमोर धरला.

बाई बघत राहिल्या. त्यांच्या हातातली पेन्सिल पडली, ती कोणी उचलली नाही. "मी रोज तुमच्याच हातून हजेरीचं मस्टर घेते," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी मागे होतो.

मग एकदम खसाखसा आवाज सुरू झाला. एकवीस मुलं आपापल्या कागदावरची करंगळी खोडत होती. महेश सगळ्यात जोरात.

"तुमचं ऱ्हाऊ द्या," भिमाजी म्हणाले.

ते उठले, पहिल्या रांगेशी आले. सृष्टी खोडत होती, पण बाईंच्या पेन्सिलीने कागदात चर पाडला होता. खोडून खोडून कागद खरबरीत झाला, काळं गेलं, पण करंगळीचा फिकट करडा ठसा काही जाईना. सृष्टी आणखी जोरात घासायला लागली. बाई म्हणाल्या, "थांब, दुसरा कागद देते, नव्याने काढ."

भिमाजींनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"नको बाई," ते म्हणाले. "खोडू नको गं पोरी आता. तुटलं तरी थंडीत खाजतं ते बोट मला. एवढंच हाय ते अजून."