साबणाच्या वासाची कोथिंबीर

शेजारच्या बागेतली जर्मन म्हातारी माझ्याच वयाची असेल. तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून लिहीत नाही. जर्मनीत नेकारसुल्मला मुलाकडे राहायला आल्यापासून मी तिला रोज बघतो. जून लागला की कात्री घेऊन फिरते. लाल मुळा उपटला की ॲप्रनला पुसून तिथेच कचाकचा खाते, शेपू वरवर कातरते आणि माझ्या कोथिंबिरीपाशी आली की नाक मुरडते. साबणाचा वास येतो म्हणे.

ती कोथिंबीर माझ्या बायकोने गावाहून आणलेल्या धन्यांची. बायको हिवाळ्यात गेली. डब्यात उरलेले धने मी सगळे पेरले.

मागच्या आठवड्यात कोथिंबीर फुलावर आली. आपल्याकडे अशी उपटून टाकतात, तशी मी उपटायला बसलो. म्हातारी कुंपणावरून ओरडली, "नाइन, नाइन." म्हणजे नको, नको.

सून धावत आली. "बाबा, त्या विचारतायत, सगळी उपटलीत तर पुढच्या वर्षी काय पेराल?"

"सांग तिला, पुढच्या वर्षी मी असेन कशावरून?"

सून कचरली, पण सांगितलं तिने. म्हातारीने मला बाजारात बैल बघतात तसं खालीवर बघितलं.

"त्या म्हणतात, तुम्ही नसलात तर त्या पेरतील. पण वास घाण आहे."

मी हात झाडून उठलो. राहिलेली झाडं तशीच ठेवली. आता रोज सकाळी म्हातारी कुंपणातून पाइप घालून त्यांना पाणी देते, तोंड दुसरीकडे करून. बायको असती तर म्हणाली असती, अहो, घ्या तो पाइप त्यांच्या हातातून.

मी घेत नाही. बघायला मजा येते.