एक लांब, दोन छोटे

भुताखेताच्या गोष्टींना मी लहानपणापासून हसत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. आमचं गाव सरगूर, म्हैसूरकडचं, जंगलाजवळचं. शेताच्या कडेला रात्री दोन दिवे फिरताना बघितलेले लोक गावात डझनभर. सातवीत आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक मांजर पोत्यात घालून वर्गात आणलं, खिडक्या लावल्या आणि त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारली — तेच दोन दिवे. झालं... सरगूरची सगळी भुतं त्या दिवशी संपली, निदान माझ्यापुरती. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती त्या सरांमुळे. म्हणून हे लिहिताना त्यांना फसवल्यासारखं वाटतंय. शिवाय माझी शाळा कन्नड माध्यमाची. मराठी घरातली, नंतर वाचून सुधारलेली. चुकलं तर सांभाळून घ्या.

म्हैसूरला विजयनगरमध्ये मी आणि आई भाड्याने राहतो. वडील मी पाचवीत असताना गेले. आईने ब्लाउज शिवून मला शिकवलं आणि त्यात तिचे डोळे गेले — डाव्याने जवळजवळ दिसत नाही, उजव्याने धूसर. गॅस पेटलाय की नाही हे ती हात पुढे करून बघते.

मी घरांची थ्रीडी चित्रं करणाऱ्या ऑफिसात आहे. गेल्या वर्षी त्यांनी इथली शाखा बंद करून सगळ्यांना बेंगळुरूला बोलावलं. साहेबांना मी आईचं सांगितलं. ते म्हणाले, "घरच्या मशीनवर आपलं काम धावत असेल तर घरून कर. दसऱ्यानंतरच्या सोमवारी एक फाइल पाठवतो. संध्याकाळपर्यंत चित्र तयार करून दाखव." जमलं नाही तर मी बेंगळुरूला, आणि तिथलं दोघांचं भाडं परवडणार नाही म्हणून आई सरगूरच्या घरात एकटी.

माझा डेस्कटॉप अकरा वर्षांचा. ऑफिसने काढून टाकला तेव्हा मी मागून घेतलेला. त्यात हे काम धावणं शक्य नव्हतं, म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. रविवारी बसवलं. बटण दाबलं — पंखे फिरले, दिवा लागला, स्क्रीन काळी. आणि कॅबिनेटमधून आवाज आला. एक लांब बीप, मग दोन छोटे.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना हे माहीत असतं. काही मदरबोर्डांवर याचा अर्थ, डिस्प्ले कार्ड नीट लागलेलं नाही. मी कार्ड काढून सोनेरी पट्टी खोडरबरने घासली, परत बसवलं. मॉनिटरची केबल चुकून जुन्या पोर्टमध्ये तर नाही ना, बघितलं. रॅम काढून घातली. बोर्डावरची बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवली. जुनं कार्ड घातलं की सगळं ठीक, नवं घातलं की काळी स्क्रीन आणि तेच... एक लांब, दोन छोटे. तीन दिवस हेच. आई बाहेरच्या खोलीतून म्हणायची, "अय्यो, किती रडतंय रे ते!" म्हणजे तिलाही ऐकू येत होतं, हे लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. सकाळी नऊची वेळ, लख्ख ऊन. गल्लीत लोक रिक्षा आणि बाइक धुऊन झेंडूच्या माळा घालत होते. आईने घर धुतलं, अंघोळ केली आणि आपल्या शिलाई मशीनला हळदकुंकू लावलं. मी टेबलाखाली वाकून वायरी जोडत होतो.

"आज हत्याराला विश्रांती असते, गोत्तिल्ल काय, माहीत नाही तुला? बंद कर ते."

"आई, सोमवारपर्यंत हे चालायला हवं."

"सुम्ने, नुसता एक दिवस थांबलास तर सोमवार पळून जातोय का?"

"तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!"

जरा जोरातच बोललो मी. तिने कुंकवाचा करंडा उचलला. मग हळू म्हणाली, "बरं, चालू असू दे. मी नुसतं कुंकू लावते."

मी मान हलवली असावी. माझं लक्ष फोनवर होतं. नागेंद्र हा माझा कॉलेजचा मित्र, रिपेअरिंगचं दुकान चालवतो. तो कन्नडमध्ये बोलतो, मी इथे मराठीत लिहितोय.

"मगा, सणाच्या दिवशी पण मला सोडत नाहीस," तो म्हणाला. 'मगा' म्हणजे इकडचं 'अरे यार'.

"फक्त आवाज ऐक आणि कार्ड खराब आहे का सांग."

मी फोन टेबलावरच्या कॅबिनेटच्या मागे धरला आणि मशीन रीस्टार्ट केलं. बीप आला. लांब... नेहमीपेक्षा लांब वाटला. मग दोन छोटे.

"ऐकलं," नागेंद्र म्हणाला. "एक लांब, दोन छोटे."

मी डोकं वर काढलं. टेबलाच्या पलीकडे, माझ्या समोर, आई उभी होती. ओले पाय, ओली साडी, कुंकवाचं बोट पुढे केलेलं. बोट आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यात चार बोटांचं अंतर. ती तशीच थिजल्यासारखी थांबली होती.

मी म्हणालो, "आई, बंद करतो आधी, मग लाव." तिने हात मागे घेतला. मी प्लग काढला.

दुपारी नागेंद्र जेवायलाच आला. कॅबिनेट उघडण्याआधी त्याने मशीन चालू करून पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा भगभगून पेटला. त्याने प्लग उपटला आणि एक्स्टेंशन बोर्ड उघडला.

एक्स्टेंशन बोर्ड मी स्वतः जोडलेला. त्यातली फेजची वायर स्क्रूतून निसटून अर्थिंगच्या स्क्रूला टेकली होती, आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. म्हणजे सगळा पत्रा जिवंत. सकाळी मला मुंग्या आल्यासारखं झालं होतं. पायात रबरी चपला होत्या म्हणून तेवढ्यावर भागलं. आई ओल्या फरशीवर अनवाणी होती.

"अम्माला जप, मगा," एवढंच तो म्हणाला. मग झाकण काढून टॉर्च मारली. बराच वेळ आत बघत राहिला.

"बीप कुठून येत होता?"

"आतून. तू पण ऐकलास ना फोनवर."

"ऐकला. म्हणून विचारतोय. ह्यात स्पीकर नाहीच."

बीप देणारा स्पीकर म्हणजे दोन वायरींचा एक छोटा डबा असतो, किंवा बोर्डावरच चिकटवलेलं काळं बटण. ह्या मशीनमध्ये दोन्ही नव्हतं. तो जोडायच्या चार पिना मोकळ्या होत्या आणि त्यांवर धूळ बसलेली. मॉनिटरलाही स्पीकर नाही. नागेंद्र हसायला लागला, मग मध्येच थांबला.

त्याने ती वायर नीट लावली, नव्या कार्डाला पुरत नसलेला जुना पॉवर सप्लाय बदलला, आमच्या घरमालकांना सांगून भिंतीत अर्थिंग करून घेतलं. नवं कार्ड पहिल्या झटक्यात चाललं. सोमवारची फाइल मी चार वाजताच पाठवली. मी घरूनच काम करतो, आई माझ्याजवळ आहे. बीप पुन्हा कधीच आला नाही.

इथे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं.

माझ्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. दोन महिन्यांनी साहेबांची एक सूचना शोधताना तो सकाळचा कॉल सापडला. लावला. माझा आवाज, नागेंद्रचा आवाज. मग मी फोन कॅबिनेटमागे धरला ती जागा — पंख्याची घरघर, आईच्या बांगड्या जवळ येतात... आणि थांबतात. बीप नाही. नुसती घरघर. त्यात आईचा आवाज, अगदी स्वच्छ — "हो रे, थांबले." मग लगेच नागेंद्र — "ऐकलं. एक लांब, दोन छोटे."

आई असं बोलल्याचं मी तेव्हा ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आयुधपूजेला कुंकू लावताना तू थांबलीस का गं?"

"तूच तर म्हणालास, थांब म्हणून."

"टेबलाखालून?"

"टेबलाखालून कुठे? मागून. दारातून. तुझाच आवाज, म्हणून तर मी मागे वळलेसुद्धा नाही."

काही जण म्हणतील, वडील असतील. मीही तिला आडून विचारून बघितलं. ती म्हणाली, "त्यांचा आवाज मला कळणार नाही होय? तूच होतास."

मी तिला काही सांगितलं नाही. सरांना फोन करून सांगावं असं दोनदा वाटलं, केला नाही. पत्रा जिवंत कसा झाला हे मी सांगू शकतो. बाकीचं मला येत नाही. कोणाला कळत असेल तर जरूर लिहा.

एक राहिलं. या महिन्यात ती दोनदा स्वयंपाकघरातून उठून माझ्या खोलीत आली. "का रे बोलावलंस?" मी बोलावलं नव्हतं. तिला बसवून मी आधी स्वयंपाकघरात जाऊन बघतो — गॅस, वायरी, फरशी. तिथे काहीच नसतं. मग परत येऊन सांगतो, हो, मीच बोलावलं.