हरळी पेरणाऱ्या भागिरथीमावशी

भागिरथीमावशींनी तीस वर्षं लोकांच्या शेतात खुरपलं. कांदा असो की कपाशी, हरळी दिसली की मुळासकट उपटायची. त्यामुळे शेवगावच्या एका शाळेत माळीकामाला लागल्यावर खेळाच्या यशोधरा मॅडमनी हरळीच्याच बियांची पिशवी हातात ठेवली, तेव्हा मावशी हसत हसत खालीच बसल्या.

"मॅडम, ह्ये गवत इकत आनलं? आन् त्येला पानी बी घालायचं?"

"मुलींना फुटबॉल खेळायचाय, मावशी. मुरमावर पडून गुडघे सोलतात त्यांचे."

मार्चमध्ये मैदानावर तळ्यातला गाळ पसरला, त्यावर रव्याएवढं बारीक बी फेकलं. मॅडमनी उत्साहात पाइप पूर्ण सोडला आणि पाण्याच्या लोटाबरोबर बी वाहत निघालं.

"बंद करा! अहो, बंद करा!" मावशी ओरडत धावल्या. आपण मॅडमवर ओरडलो, हे त्यांना नंतर कळलं. पण मॅडमनी नळ बंद करून फक्त विचारलं, "मग कसं घालायचं?"

"कांद्याचं रोप टाकल्यावर घालतो तसं. झारीनं. वरची माती सुकू द्यायची न्हाई, पन चिखल बी हू द्यायचा न्हाई."

बी वाहून गेलं तिथे पिशवीत उरलेलं टाकलं. मावशींनी पाइपला झारीचं तोंड घट्ट बांधलं. दिवसातून चारदा हलका फवारा, प्रत्येक वेळी बोट टेकवून ओल बघायची. मैदानात पाय टाकायला सगळ्यांना बंदी. रविवारीही त्या आल्या. सहा दिवस गेले, सात गेले, आठ गेले.

नवव्या दिवशी सकाळी उन्हं तिरपी असताना त्या वाकल्या. मातीवर हिरवी लव होती!

"मॅडम, उगवलं! लई उगवलं! पळत या!" त्या फोनवर ओरडल्या.

यशोधरा मॅडम ओल्या केसांनी स्कूटीवरून आल्या. दोघी कडेला आडव्या झाल्या आणि गाल जमिनीला टेकवून बघत राहिल्या.

पुढे मावशींनी पाण्याच्या पाळ्या कमी केल्या, पण प्रत्येक पाळीला पाणी खोल मुरू दिलं, म्हणजे मुळं खाली जातात. ऑगस्टमध्ये पहिला सामना ठरला. मुलींनी हट्ट धरला, पहिला चेंडू मावशींनीच मारायचा. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि जोरात पाय मारला. चेंडू भलतीकडेच गेला. तरी मावशी दोन्ही हात वर करून मैदानभर पळत सुटल्या, आणि दोन्ही संघ त्यांच्या मागे.