आऱ्याची टोपी

आमच्याकडे बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून या आठवणीत ते येणार नाही. सासऱ्यांचं तर नाहीच नाही. आदर वगैरे जो काही होता तो आमच्या घरात सगळ्यात जास्त मशीनच्या वाट्याला यायचा.

नागपुरात इतवारीच्या पलीकडे आमची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती आणि टालीच्या आवारातच घर. घर आणि विहीर यांच्या मधोमध, पत्र्याच्या छपराखाली, आरामशीन, म्हणजे लाकूड चिरायचा इंजिनावरचा आरा. लोखंडी मेजाला मधोमध फट, फटीतून परातीएवढं दातेरी पातं अर्धं वर आलेलं. तेलाचं इंजिन सुरू झालं की पट्ट्यानं ते गरगर फिरायचं आणि त्यावर सालईचा ओंडका ढकलला की फळ्या पडायच्या. फळ्यांच्या पेट्या व्हायच्या आणि पेट्यांत भरून संत्री देशभर जायची. लोक नागपूरच्या संत्र्याची वाहवा करत. त्या पेटीपायी कुणाचं बोट गेलं का, ही चौकशी संत्रं सोलताना कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

टालीवर माणसाची किंमत बोटांवरून ठरायची, पण उलटी. ज्याची सगळी शाबूत तो कच्चा. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. पाहुणे आले की ते नेमका तोच हात काठीच्या मुठीवर ठेवून बसत, सगळ्यांना नीट दिसेल असा. सरकारनं त्या काळी रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्या वाटल्या. आमच्या घरच्या पदव्या मशीन वाटायची.

सुरक्षिततेची व्यवस्था मात्र आमच्याकडे चोख होती. पट्ट्याच्या खांबाला लिंबू-मिरची बांधलेली असे आणि ती दर शनिवारी न चुकता बदलली जाई. इंजिनाला तेल घालायला लोक विसरत, लिंबू कधी विसरले नाहीत. तरीही एकदा आमच्या जुन्या मिस्त्रीची दोन बोटं गेली. त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि इकडे मामाजींनी मशीनपुढे नारळ फोडला.

"मायनं भोग घेतला," ते म्हणाले. "आता वरीसभर शांत राहीन ते."

मिस्त्रीला ती शांतता पाहायची हौस नव्हती. हात बरा होताच तो मौद्याकडे आपल्या गावी निघून गेला, आणि मशीनवर उभं राहायची पाळी आमच्या ह्यांच्यावर आली.

आमचे हे मॅट्रिक झालेले, स्वभावानं मऊ, आणि वडिलांपुढे 'हो' सोडून दुसरं उत्तर न शिकलेले. त्यांचे हात मला फार आवडायचे. या वयात हे लिहायला आता लाज कसली? दुपारी सगळे आडवे झाले की ते मागच्या ओसरीवर मला संत्रं सोलून द्यायचे. एकेका फोडीवरचे पांढरे धागे काढायचे, बी काढायचे, मगच फोड माझ्या हातावर ठेवायचे. एवढ्या सवडीनं जगात माझ्यासाठी दुसऱ्या कुणी काही केलेलं नाही. आणि तेच हात रोज सकाळी त्या दातेरी पात्यापासून चार बोटांवरून जायचे. इंजिनाचा आवाज चालू असेतो मी चुलीपुढे कान टवकारून बसायची. आवाज मधेच बदलला की भाकर तशीच तव्यावर सोडून मी दाराशी धावायची.

खरं म्हणजे मशीन आली तेव्हा तिच्याबरोबर एक लोखंडी टोपी आली होती. ती पात्यावर बसायची. लाकूड खालून जाईल, पण हात जाणार नाही, अशी तिची बेतणी. टोपी टिकली पहिल्या खंडे नवमीपर्यंत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, वाकस, सगळं धुऊन-पुसून मांडतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. मशीनचीही पूजा करायची ठरली, आणि हळदकुंकू लावायला पातं तर दिसायला हवं.

"देवीच्या तोंडावर झाकण घालून पूजा करते का गा कोणी?" मामाजी म्हणाले, आणि टोपी निघाली. पूजा आटोपली, टोपी काही परत बसली नाही. देवीचं तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. टोपी उलटी करून गोठ्यात ठेवली, तिच्यात बैलाची सरकी छान भिजायची. आमच्याकडे कुठलीही वस्तू वाया जात नाही.

माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. माझी आई लहानपणीच गेली, त्यामुळे कारखान्यातलं सगळं शहाणपण त्यांनी मलाच ऐकवलं. मी जात्यावर बसली तरी 'बांगड्या मागं सार, पदर खोच' असं चालायचं. माणूस कंटाळवाणा, पण माझ्यावर जीव होता. एकदा ते सासरी भेटायला आले, उघडं पातं पाहिलं आणि पानावर बसताच विषय काढला. मग जेवण संपेपर्यंत त्यांनी आमच्या ह्यांना धडा दिला. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, लाकूड अडकलं की ते उलटं फेकलं जातं आणि छातीत बसतं. शेवटचा तुकडा हातानं ढकलायचा नाही, काठीनं ढकलायचा. सैल बाही नको, उपरणं नको, अंगठी नको. भुसा झाडायचा तर आधी इंजिन बंद. आणि ती टोपी बैलापुढून उचला.

मामाजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ढेकर दिली.

"सोयरेबुवा, तुमची रेल्वे सायबाची. तिकडं मशीन नोकर असते. आमच्या घरी ते माय हाय. मायले भेवून कोणी काठीनं शिवते का?"

वडिलांनी मग आणखी एक पोळी घेतली. दुसरं काय करणार, मुलीच्या सासरी होते.

त्या वर्षी भाद्रपदात मी वडिलांकडे राहून आली आणि घट बसायच्या आधी परतली. आल्याबरोबर ह्यांना एकट्याला सांगितलं की मला दिवस गेलेत. ते इतके गडबडले की मला द्यायची फोड त्यांनी स्वतःच खाल्ली. दसरा होऊ द्यायचा, मग घरात सांगायचं, असं आमचं ठरलं.

खंडे नवमीला मामाजींना एक कल्पना सुचली. संत्र्याचा हंगाम तोंडावर आला होता, बागवाले आणि व्यापारी पूजेला येणार होते. त्यांच्यासमोर, पूजा होताच, पहिली फळी कापायची. हंगामाचा मुहूर्त. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत, हे कुणीतरी दबक्या आवाजात सुचवलं. वर्षभरात बोटांना सुखाचा असा तो एकच दिवस होता.

"देवाच्या नावानं फळी पाडून राहिलो, त्याले काम म्हणतेत का?" मामाजी म्हणाले. झालं, शास्त्र तयार.

सकाळपासून मशीन नटत होती. मेजाच्या कडेनं झेंडूच्या माळा, खांबाला आंब्याचे डहाळे, जमिनीवर रांगोळी. घरची लक्ष्मी म्हणून पात्याला हळदकुंकू मी लावलं. इंजिन बंद होतं तरी बोट टेकवलं की मी लगेच मागे घेत होती. मग मामाजींनी नारळ फोडला आणि पाणी मशीनच्या पायाशी शिंपडलं, त्यामुळे फरशी छान निसरडी झाली. आणि आमचे हे आले. अंगावर सैल रेशमी सोवळं, खांद्यावरून लोंबणारं जरीचं उपरणं, उजव्या हातात लग्नातली अंगठी, मनगटाला भटजींनी बांधलेला लाल दोरा, त्याची दोन्ही टोकं लांब सुटलेली. माझ्या वडिलांनी जे जे नको म्हणून सांगितलं होतं, ते सगळं एका माणसाच्या अंगावर एका वेळी जमवून दाखवलं होतं. पाव्हण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या.

इंजिन सुरू झालं. पातं फिरायला लागलं आणि मी लावलेलं कुंकू क्षणात उडून गेलं. ह्यांनी ओंडका मेजावर ठेवला. उपरण्याचं टोक झेंडूच्या माळेशी खेळत होतं. त्यांनी एकदा मामाजींकडे पाहिलं, मामाजींनी 'चालू दे' अशी मान हलवली.

मी काय करू शकत होती? सासऱ्यांपुढे सुनेनं तोंड उघडायचं नसतं. थांबा म्हणून ओरडली असती तर अपशकुन केला म्हणून मलाच आत ढकललं असतं आणि फळी कापलीच असती. बोट तुटेल हे त्या घरात कारणच नव्हतं. त्या घराला कुठलं कारण पटतं, ते मला लग्न झाल्यापासून दर महिन्याला कळत आलं होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या माझ्या शेजारी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हटलं, "आत्याबाई, मले कावळा शिवला."

ताट त्यांच्या हातून पडता पडता राहिलं.

"काय म्हणतं वं? कवा?"

"सकाळीच असन. आत्ता समजलं."

"आन् तू मशीनले हात लावला!"

पुढचं काही मला करावं लागलं नाही. "बंद करा, बंद करा," असा एकच गलका झाला. भटजी दोन हात मागे सरकले. व्यापारी आपापली उपरणी सावरत बाहेर पडले. मामाजी काही बोलायच्या आत इंजिनवाल्यानं पट्टा उतरवला होता. ह्यांना तर ठाऊक होतं की मला विटाळ असणं शक्यच नाही. ते ओंडक्यावर तसेच हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग हळूच त्यांनी तो हात मागे घेतला. त्या क्षणी मला जे वाटलं ते सुख होतं. गावभर छी-थू झाली, तरी सुखच होतं.

भटजींनी निवाडा दिला. देवी विटाळली, चार दिवसांनी गोमूत्र शिंपडून पुन्हा पूजा करावी. आणि मशीन विहिरीच्या वाटेवर आहे, घरातल्या बायका रोज तिथून जाणार, तेव्हा पात्यावर बाईची सावली पडणार नाही अशी कायमची सोय करावी. यापुढे पूजा झाकलेल्याचीच, कुंकू वरून लावावं. मामाजींनी कपाळावर हात मारला.

"अरे, ते टोपी कुठं हाय? आना ते इकडं!"

बैलापुढची सरकी ओतून टाकली, टोपी घासली, गंगाजळानं धुतली आणि पात्यावर बसवली. बोटं, डोळे, छाती, जीव, अशी चांगली भक्कम कारणं माझ्या वडिलांनी दिली होती. एकही पटलं नव्हतं. विटाळ चटकन पटला.

मी चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत घोंगडीवर काढले. बैल माझ्याकडे रागानं बघायचा. घरातून मला उद्देशून जे काही बोललं जात होतं ते सगळं ऐकू येत होतं. आत्याबाई दुरून ताट सरकवायच्या आणि मागे फिरायच्या.

मग महिन्याभरानं आत्याबाईंनीच एक नवा नियम काढला. जेवलेल्या हातानं देवीला शिवायचं नाही, लाकूड काठीनं ढकलायचं. आणि सोवळं-उपरणं घालून तर तिथं उभंच राहायचं नाही, जरीवर भुसा बसतो. विटाळाच्या प्रकरणात मामाजी एकदा हात पोळून बसले होते, त्यांनी वाद घातला नाही. मला वाटलं, म्हातारीचं सोवळं वाढलं.

दिवस गेल्याची बातमी आम्ही दिवाळीनंतर सांगितली. आई नसल्यामुळे माझं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. वैशाख लागला, नागपूरचं ऊन भाजून काढत होतं, आणि मला कळा सुरू झाल्या. घरच्या हिशेबानं अजून दोन महिने बाकी होते. मुलगा झाला, चांगला गुटगुटीत, डोईवर दाट जावळ. सुईणीनं त्याला हातात तोलून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"सातव्यातलं म्हणता हे?"

"सातव्यातलंच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घरची पोरं सातव्यातच अशी होतेत."

बाहेर बायका जमल्या होत्या, त्यांनाही हेच सांगितलं. मामाजींना सांगताना तर आवाज असा चढवला की पुढे कुणी विचारायची हिंमत केली नाही. मी आत पडून सगळं ऐकत होती. पोर पूर्ण नऊ महिन्यांचं, म्हणजे नवमीला मला विटाळ नव्हताच, हा हिशेब आत्याबाईंना कळला होता. विटाळाचं खोटं सांगून भरल्या पूजेत देवीला हात लावलेली सून त्या घरात एक दिवस राहिली नसती, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

सुईण गेल्यावर त्यांनी दार लोटलं. बाळाला माझ्या कुशीत ठेवलं, आणि त्याची मूठ उघडून एकेक बोट पुसत बसल्या. मी हुंदके द्यायला लागली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रडू नको वं. माझं वय निघून गेलं होतं, नाहीतर त्या दिवशी तुझ्याआधी मलेच कावळा शिवला असता."