उत्तनचं एकुलतं एक होल

प्रिय सई आणि अर्णव,

परवा तुम्ही ई-मेलने पाठवलेला समुद्राकाठच्या गोल्फ मैदानाचा फोटो पाहिला, आणि तुमच्या आजोबांच्या एका मित्राबद्दल तुम्हाला कधीच सांगितलं नाही हे लक्षात आलं. तुमच्याकडे अठरा होल असतील. आमच्या उत्तनला एकच होतं, आणि ते खेळणारा माणूसही जगात एकच होता.

हे गृहस्थ बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. स्कॉटलंडच्या एका बंदराजवळ त्यांनी हा खेळ कुंपणाबाहेरून पाहिला होता. निवृत्तीनंतर मीरा रोडला राहायला आले ते एक जुनी स्टिक घेऊनच. उत्तनच्या खडकावर उभं राहायचं, आत शिरलेल्या समुद्रावरून चेंडू पलीकडच्या गवतावर टाकायचा आणि तिथे पुरलेल्या तुपाच्या डब्यात घालायचा, असा त्यांचा बेत. पण ते गवत म्हणजे कोळणींची मासळी वाळवायची जागा. "बोंबील आलं का तुमचा खेळ बंद," त्यांच्यातल्या फिलोमिनाबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे होड्या किनाऱ्यावर असत तेवढ्या पावसाळ्यातच, टायवर रेनकोट चढवून, ते खेळत. आम्ही दोघं चहाचा थर्मास घेऊन सोबत असायचो. वारा बघायला ते चिमूटभर गवत उडवत.

"वहिनी, पश्चिमेचा आहे!"

"माझ्या चहात आहे," मी म्हणायची.

चेंडू दरवेळी पाण्यात. "माशांची टीम तयार झाली असेल एव्हाना," तुमचे आजोबा म्हणायचे. भरतीने परत आणलेले चेंडू फिलोमिनाबाई न विसरता आणून द्यायच्या.

मग गुडघे गेले. मुलगा त्यांना नागपूरला नेणार होता, आणि नागपूरला समुद्र नाही. शेवटच्या खेपेला त्यांना एवढंच हवं होतं, की एकदा तरी चेंडू डब्यात जावा. मारला, आणि काय सांगू, पाणी ओलांडून तो गवतावर पडला आणि सरळ डब्याकडे घरंगळू लागला. पलीकडे बांबू रचत असलेल्या फिलोमिनाबाई धावल्या. चेंडू उचलून त्यांनी हात उंच केला.

"काका, घावला! या टायमाला पाण्यात जाऊ दिला न्हाय!"

काकांनी टोपी काढली. "थँक यू, बाई!" ते ओरडले.

परतीच्या बसमध्ये चेंडू त्यांच्या मुठीत होता. भाईंदर स्टेशन आल्यावर म्हणाले, "आत जात होता ना, वहिनी?"

"जातच होता."

गेल्या महिन्यात ते नागपूरला वारले. आम्ही उत्तनला जाऊन बाईंना सांगून आलो. डबा अजून जमिनीतच आहे. बोंबील वाळत घालायचा एक बांबू त्यात रोवलेला आहे.

तुमची आजी